गिरणेची वाळू आणि आप्पांचा पांडुरंग

आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, गिरणाकाठी. नदीतली वाळू रातोरात ट्रॅक्टर-डंपरने जाते आणि काठच्या विहिरी उन्हाळ्याआधीच तळ गाठतात. आमच्या आप्पांनी लेखी तक्रार केली. आठवड्याच्या आत कोणीतरी त्यांच्या केळीतल्या ठिबकच्या नळ्या कापल्या. तेव्हापासून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद: म्हाताऱ्याने हा नाद सोडावा की नाही. ‘सोडा’ म्हणण्यात आम्ही परदेशातले सगळ्यांत पुढे.

इथे जर्मनीत आमच्या गावाजवळच्या वाळू-खडीच्या खाणीला वाढीव जागा हवी होती. कागदपत्रं नगरपालिकेत सगळ्यांना बघायला ठेवली होती. शेजारच्या बाईंनी हरकत लिहून दिली नि घरी येऊन टोमॅटोची रोपं लावत बसल्या. देव आठवायची वेळच आली नाही. कायदा आपल्याकडेही आहे. पाच हेक्टरखालच्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी हवी, असं सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच सांगितलंय. पण रात्री दोनच्या डंपरपुढे कोर्ट येत नाही. तिथे एखादा तलाठी असतो, नाहीतर आप्पा.

आप्पा वारकरी. ‘पांडुरंग शे ना,’ म्हणजे पांडुरंग आहे ना, एवढंच म्हणतात. भीती वाटत नाही असं नाही. कुत्रं भुंकलं की उठून बसतात, काकू सांगते. सकाळी हरिपाठ झाला की अर्जाची पोच मागायला पुन्हा तालुक्याला. माझा भाचा याला भाबडेपणा म्हणतो. भाबडा माणूस पोच कशाला मागेल?

आणखी एक पेच आहे. ज्याचे ट्रॅक्टर, त्याचाच फोटो हरिनाम सप्ताहाच्या बॅनरवर, महाप्रसादही त्याच्याच पैशाचा. यंदा आप्पांनी कीर्तन शेवटपर्यंत ऐकलं, पण पंगतीला बसले नाहीत. घरची भाकरी खाल्ली. गावाला तक्रारीपेक्षा हेच जास्त झोंबलं. मला तर श्रद्धेचा खरा कस तिथेच दिसतो.

अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. सनातनी विरोधात होतेच. पण उपोषण थांबवा, अशी तार खुद्द गांधीजींची आली. गुरुजी थांबले नाहीत, मंदिर उघडलं. आमचा ग्रुपही सध्या अशाच तारा करतोय, गांधीजींची कळकळ तेवढी नाही.

मी लिहिलं, नळ्यांचा आणि वकिलाचा खर्च आपण बाहेरचे भरू. भाच्याने विचारलं, ‘आप्पांना काही झालं तर?’ याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि इथे बसून ते देण्याचा मला हक्कही नाही. नळ्यांचे पैसे परवा पाठवलेत. वकील जळगावचा बघायचा की धुळ्याचा, ते आप्पा ठरवतील.