खुलासा: ‘एक्सपोर्ट’ प्रत्येक शेलमध्ये चालत नाही

“कोणत्याही युनिक्स शेलमध्ये एक्सपोर्ट लिहून नाव=किंमत द्या, व्हेरिएबल कायमचं सेट होतं,” असा मेसेज विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम आणि व्हेरिएबल म्हणजे त्यात नावाने साठवलेली किंमत, म्हणजे मूल्य. या मेसेजमध्ये दोन चुका आहेत.

बॅश, झेडशेल, कॉर्नशेल यांत ही ओळ बरोबर आहे. सी-शेल आणि टीसीशेलमध्ये मात्र नाही. मी स्वतः टीसीशेलमध्ये ती चालवून पाहिली, तर ‘कमांड नॉट फाउंड’ आलं. तिथे ‘सेटएन्व्ह’ लिहायचं, मग नाव, मग किंमत. मध्ये फक्त जागा, बरोबरचं चिन्ह नाही. बॅशमध्ये नेमकं उलट: चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडलेली चालत नाही. नवशिके इथे अडकतात. फिश या शेलची मूळ पद्धत आणखी वेगळी, ‘सेट -एक्स’.

दुसरी चूक ‘कायमचं’ या शब्दात. व्हेरिएबल त्या शेलपुरतं आणि त्यातून सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमपुरतं असतं. टर्मिनल बंद करून नवीन उघडा, ते नसेल. टिकवायचं तर ओळ शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये लिहावी लागते: बॅशला .बॅशआरसी, झेडशेलला .झेडशआरसी, टीसीशेलला .टीसीशआरसी किंवा .सीशआरसी.

आपला शेल कोणता, हे ‘पीएस’ ही कमांड चालवल्यावर दिसतं. मॅकवर 2019 च्या कॅटालिना या आवृत्तीपासून नव्या खात्यांना झेडशेल मिळतो.

कृपया तो जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली ही दुरुस्ती टाका.