मुद्दे सगळे बरोबर होते

परवा बाबांवर ओरडलो. कारण ऐकलंत तर हसाल. फोनवरून गॅस सिलिंडर कसा बुक करायचा, हे ते चौथ्यांदा विचारत होते. मी वहीत एक-दोन-तीन आकडे घालून सगळं लिहून दिलं होतं. तरी ते फोन डोळ्यांजवळ नेत, मग लांब धरत आणि भलतंच बटण दाबत. "अहो, लिहून दिलंय ना! वाचता येतं ना तुम्हाला?" असं म्हणून मी खोलीत गेलो आणि दार आपटलं.

रागात डोकं चालत नाही म्हणतात. साफ खोटं. माझं डोकं त्या वीस मिनिटांत ऑफिसातल्या आठ तासांपेक्षा जास्त चाललं. बाबा ऐकतच नाहीत, शिकायचंच नसतं, आयुष्यभर सगळं आईनेच निस्तरलं, मागे बँकेतही असंच... आणि गंमत म्हणजे यातला एकही मुद्दा अगदीच खोटा नव्हता. दहापर्यंत आकडे मोजून पाहिले. दहा होईस्तोवर आणखी दोन मुद्दे सुचले. विवेक जागेवरच होता हो, फक्त रागाचं वकीलपत्र घेऊन बसला होता.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधाची उतरंड आहे: क्रोधातून संमोह, त्यातून स्मृतिभ्रंश, मग बुद्धिनाश. शाळेत पाठ करताना वाटायचं, हे मध्येच स्मृतीचं काय? परवा कळलं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. नवा चष्मा यायचा होता. त्याच दिवशी सकाळी त्यांच्या डोळ्यात थेंब मीच घातले होते. आणि मीच विचारत होतो, वाचता येतं ना?

हे काही विचार करून आठवलं नाही. आईने दार वाजवलं, "पोळ्या गार होतायत रे." एवढंच. माझ्या एकाही मुद्द्याला तिने हात लावला नाही.

तेव्हापासून ताटीचे अभंग डोक्यात आहेत. लोकांनी केलेल्या अपमानाने ज्ञानेश्वर ताटी, म्हणजे झोपडीचं दार, लावून आत बसले आणि धाकट्या बहिणीने, मुक्ताबाईने, बाहेरून हे अभंग म्हटले, अशी आख्यायिका. 'विश्व रागे झाले वन्ही, संत सुखे व्हावे पाणी' हे आपण सगळे फॉरवर्ड करतो. मला त्यातली जीभ-दातांची गोष्ट जास्त भिडते: दातांनी जीभ चावली म्हणून बत्तीशी कोणी तोडतं का? आणि लोक निर्दोष आहेत असंही मुक्ताबाई म्हणत नाही. 'साही अपराध जनाचा', म्हणजे अपराध तो अपराधच. संन्याशाची पोरं म्हणून या भावंडांची मुंजसुद्धा नाकारली गेली होती, राग यायला कारण होतं. पण ती नुसती समजूत घालून थांबत नाही. पुन्हा पुन्हा तेच, 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा'. युक्तिवादच पुरणार असता तर तो ज्ञानेश्वरांना दुसऱ्या कोणी शिकवायची काय गरज होती?

(अन्याय झाला तरी राग गिळा, असं मी म्हणत नाहीये. तो वेगळा विषय आहे, कृपया त्यावर इथे भांडू नका.)

रात्री थेंबांची वेळ झाली. बाबा खुर्चीत मान मागे टाकून बसले, मी खालची पापणी हलकेच ओढली. आमच्या घरात सॉरी म्हणायची पद्धत नाही. थेंब पडल्यावर डोळा मिटूनच ते म्हणाले, "सिलिंडर जाईल रे अजून आठ दिवस."