हॅनोव्हरमधून हवेली तालुक्यातल्या विहिरी शोधताना

आमच्या भूशास्त्राच्या जुन्या बॅचचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. निम्मी मंडळी पुण्यात, उरलेली जगभर पांगलेली. एरवी तिथे वाढदिवस आणि सिंहगडाचे फोटो चालतात, पण केंद्र सरकारची ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजना आल्यापासून अधूनमधून चांगलीच जुंपते. नोव्हेंबर २०२४मध्ये ती मंजूर झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० संशोधनपत्रिका, आणि ६,३००हून अधिक सरकारी संस्थांमधल्या विद्यार्थी-संशोधकांना त्या वाचायची मुभा. एका बाजूचं म्हणणं, उशिरा का होईना, पोरांना आता पीडीएफसाठी कोणाच्या हातापाया पडावं लागणार नाही. दुसरी बाजू म्हणते, परदेशी प्रकाशकांची धन केली, तेवढ्यात आपल्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या असत्या. वाद फार ताणला की कोणीतरी मला ओढतं: “तू हॅनोव्हरला आहेस, तुला तर सगळं बसल्या जागी मिळत असेल. तूच सांग.”

सांगते. पहिली गोष्ट, इथेही सगळं बसल्या जागी मिळत नाही. जर्मन विद्यापीठांची एल्सेव्हियर या बड्या प्रकाशकाशी दर आणि अटींवरून बोलणी फिसकटली आणि २०१८च्या उन्हाळ्यापासून अनेक विद्यापीठांत त्या पत्रिकांचे नवे लेख दिसेनासे झाले. करार व्हायला २०२३चा सप्टेंबर उजाडला. तोवर या श्रीमंत देशातले प्राध्यापक मूळ लेखकाला ईमेल टाकून लेखाची प्रत मागत होते. आपल्याकडे हे पूर्वापार चालत आलंय, त्यामुळे मला त्यात फारसं काही वाटलं नाही; इथल्या लोकांना मात्र आभाळ कोसळल्यासारखं झालं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची ऑनलाइन सूची जानेवारी २०२४पर्यंत बंद पडली. कंपनी सरकारच्या काळातलं आपलं केवढं तरी दप्तर तिथे आहे. कागद जागच्या जागी होते, पण कुठला कागद कुठे आहे हे सांगणारं कोणी नव्हतं.

तेव्हा पत्रिका घ्याव्यात की नाही, यावर माझं मत सरळ आहे. घ्याव्यात. दरांवरून आणखी घासाघीस करावी, पण घ्याव्यात. फक्त आपल्या पायाखालच्या जमिनीबद्दल विचाराल तर त्या १३,००० पत्रिकांनी फार काही बदलेल असं वाटत नाही, आणि ग्रुपवर नेमकं त्यावर कोणीच बोलत नाही.

मैत्रिणीची मुलगी पुण्यात एम.एस्सी. करते आहे. तिचा प्रकल्प हवेली तालुक्यातल्या विहिरींवर. तिने विचारलं, “मावशी, या भागातल्या विहिरींचं जुनं काही मिळेल का? आधी किती फुटांवर पाणी लागायचं, काही नोंद?” शनिवार मोकळा होता, बाहेर पाऊस होता, म्हणून बसले.

ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी: जर्मनीत कार्ल्सरूहेची ‘केव्हीके’ नावाची शोधसूची आहे, १९९६पासूनची. तिच्याकडे स्वतःचं पुस्तक एकही नाही. आपण शब्द टाकायचा, हव्या त्या देशांपुढे खूण करायची, आणि ती तो शब्द घेऊन तिथल्या ग्रंथालयांच्या सूच्या एका दमात धुंडाळून येते. दिसायला अगदी जुनाट, पण कामाला चोख. जगभरासाठी वर्ल्डकॅट आहे. भूशास्त्रापुरतं पाहायचं तर अमेरिकेतली जिओरेफ ही लेखसूची; १९६६पासून चाललेली, पण पैसे मोजून. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथालयाची सूची मात्र कोणालाही फुकट पाहता येते. माझ्या गावातच तंत्रविज्ञानाचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे आणि केंद्रीय भूविज्ञान संस्थेचंही मोठं ग्रंथालय आहे. इथे नसलेलं पुस्तक दुसऱ्या गावाहून मागवायला दीड युरो पडतो.

शोधायची म्हणून एक रीत आहे, ती मात्र कोणी शिकवत नाही. जुनं हवं असेल तर ‘भूजल’ या अर्थाचा आजचा इंग्रजी शब्द टाकून काही हाती लागत नाही. ‘विहिरी’ आणि ‘पाणीपुरवठा’ टाकावं लागतं. महाराष्ट्र विसरायचा, मुंबई इलाखा टाकायचा. पुण्याची जुनी स्पेलिंग वापरायची. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३०च्या दशकात लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात दख्खनवर लिहिलं. त्याचं ‘दख्खन’चं स्पेलिंग आजच्या कुठल्याही शोधयंत्राला आपणहून सुचणार नाही.

त्या शनिवारी पुष्कळ सापडलं. लंडनमध्ये, लाइपझिगमध्ये, आणि सगळ्यात जास्त अमेरिकेत. पुण्यात छापलेला, सरकारी, मराठीतला एक पातळसा अहवाल शिकागोच्या विद्यापीठात असल्याचं दिसलं. लेखकाचं नाव, वर्ष, पानं, आणि शेवटी एक टीप: घडीचे नकाशे, मागच्या खिशात.

शिकागोला तो गेला कसा, हेही पाहण्यासारखं आहे. आमच्या आईवडिलांच्या पिढीला पीएल-४८० हा अमेरिकेचा धान्य-मदतीचा कायदा म्हटलं की रेशनचा लाल गहू आठवतो. अमेरिकेने त्या गव्हाची किंमत रुपयांत घेतली, आणि ते रुपये भारतातच खर्चायचे होते. १९६२पासून त्यातल्या काही रकमेतून लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या दिल्ली कार्यालयामार्फत भारतात छापलेली पुस्तकं, नियतकालिकं, सरकारी प्रकाशनं विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना जाऊ लागली. कोणाला त्यात गोडी होती की नाही ही गोष्ट वेगळी. पण आलेल्या प्रत्येक कागदाची नोंद करायला पगारी माणूस बसवलेला होता. म्हणून आज हॅनोव्हरमध्ये बसून मला तो अहवाल सापडतो.

आता सापडणं आणि मिळणं यात फरक आहे. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती ठेवणाऱ्या हाथीट्रस्टच्या संग्रहात कित्येक पुस्तकं अमेरिकेतून उघडतात आणि भारतातून किंवा जर्मनीतून उघडत नाहीत, कारण स्वामित्वहक्काची मोजणी देशागणिक बदलते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात छापलेलं, पुण्याभोवतीच्या दगडांवरचं पुस्तक बोस्टनचा विद्यार्थी वाचू शकतो आणि शिवाजीनगरच्या विद्यार्थिनीला नुसत्या पान क्रमांकांवर समाधान मानावं लागतं. हा अन्याय आहे आणि तो अन्याय म्हणूनच सांगितला पाहिजे. शिवाय जे उघडतं त्यातही घडीचे नकाशे बहुधा घडी घातलेलेच स्कॅन झालेले असतात. पडद्यावर दिसतो तो दुमडलेला कागद आणि एका कोपऱ्यात अर्धी मुठा. आमच्या धंद्यात नकाशा नसलेला अहवाल म्हणजे मीठ नसलेली आमटी.

दुसरं असं की परदेशातल्या सूचीत आपला देश असतो, पण जगाला ज्याचं कुतूहल तेवढाच. दख्खनचे लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनासोर संपले त्याच सुमाराचे. त्यामुळे त्यांच्यावरच्या लेखांना तोटा नाही. ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप धरणाच्या जलाशयाशी जोडला गेला, म्हणून तोही जगाचा विषय झाला. पुढे गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं गेलं, त्या कामाशी पॉट्सडॅमहून चालणारा आंतरराष्ट्रीय खोदाई कार्यक्रमही जोडलेला होता. हे सगळं एका शब्दावर निघतं. उंड्रीतल्या सोसायटीची बोअर एप्रिलमध्ये का आटते, हा प्रश्न मात्र जगाचा नाही, आणि तो कुठल्याच परदेशी सूचीत नाही. असण्याचं कारणही नाही.

आणि आमचा दगड असा हट्टी की बाहेरचं उत्तर त्याला लागू पडत नाही. बेसाल्टचे थर एकावर एक. पाणी राहतं ते झिजलेल्या मुरमात, फटींत, दोन थरांच्या सांध्यात. एका शेतात दोन इंची पाणी लागतं आणि बांधापलीकडे नुसता धुरळा उडतो. इथे चांगल्यातल्या चांगल्या पत्रिकेतलं गणित एका बाजूला आणि बोअरवाल्याची वही दुसऱ्या बाजूला ठेवली तर मी वही उचलेन: मुरूम किती फूट, कातळ किती, पाणी कितीव्या फुटाला. अशा माहितीचा पुण्यात दुष्काळ नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालयच पुण्यात आहे. १९१६पासूनचं जल-विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्याला. हवामान खातं १९२८मध्ये शिमल्याहून आलं, त्याचं ‘सिमला ऑफिस’ अजून त्याच नावाने ओळखलं जातं. विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे, फर्ग्युसन आहे. आणि दरवर्षी एम.एस्सी.ची मुलं एकेक खोरं, एकेक ओढा पायी पालथा घालून प्रबंध लिहितात. पीएच.डी.चे प्रबंध निदान शोधगंगा या ऑनलाइन संग्रहावर जातात. एम.एस्सी.चे जातात कपाटात.

मैत्रिणीच्या मुलीला तो शिकागोचा अहवाल पुण्यातच मिळाला; तिच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. तो तिथे आहे हे त्या कार्यालयातल्या एकाच बाईंना ठाऊक होतं, कारण त्यांनी पूर्वी तिथली रद्दी आवरली होती. बाईंनी प्रेमाने काढून दिला, चहा पाजला. नकाशे खिशात होते. आता त्या बाई निवृत्तीला आल्या आहेत.

म्हणून ग्रुपवर मी लिहिलं की ६,००० कोटींवरून भांडण चालू द्या, पण त्याच्या नखाएवढ्या खर्चात होणारं एक काम कोणी मागतच नाही: पुण्यातल्या या संस्थांच्या कपाटात काय आहे त्याची एक सामायिक सूची. स्कॅनिंग नंतर, हक्कांचा घोळ नंतर. आधी नुसती नोंद. शीर्षक, वर्ष, गाव, टोपोशीटचा (सर्वेक्षणाच्या सरकारी नकाशाचा) क्रमांक, नकाशे आहेत की नाहीत, प्रत कुठे. विद्यापीठांसाठी इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याची इंडकॅट ही सामायिक सूची आहे, म्हणजे सांगाडासुद्धा नव्याने बांधायला नको.

त्यावर दोन आक्षेप आले. दोन्ही हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

पहिला एका जुन्या मित्राचा. तो म्हणाला, सूची उघडी केली की बाहेरचे येतील, आपल्या पोरांनी उन्हातान्हात गोळा केलेली आकडेवारी उचलतील आणि स्वतःच्या नावावर छापतील. साइक्सपासून हेच चालू आहे. त्याची चीड खरी आहे. पण ज्या प्रबंधाची कुठे नोंदच नाही, तो उचलला गेला तर सिद्ध कशाने करणार? नोंद असेल तर निदान ‘हे आमच्या मुलीने अमुक साली मोजलं होतं’ असं तारखेसकट दाखवता येतं. शिवाय दडवून ठेवण्यात आपण कधी फार यशस्वी झालो आहोत असंही नाही. आमच्या वेळी ‘रिस्ट्रिक्टेड’ शिक्क्याच्या टोपोशीटसाठी अर्ज, पत्र, सही आणि हमी लागायची, आणि त्याच भागाचे अमेरिकी लष्कराने काढलेले जुने नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर फुकट ठेवले होते. वर्गातल्या सगळ्यांनी तेच वापरले. सरांनीही.

दुसरा आक्षेप जास्त पुणेरी. माहिती उघडी झाली की सगळ्यात आधी बिल्डर वापरणार. वापरू देत. बालभारती ते पौड फाटा या टेकडीवरून नेण्याच्या प्रस्तावित रस्त्यावरून टेकडीखालच्या पाण्याचा जो वाद चालला, त्यात टेकडीच्या बाजूने बोलणाऱ्यांना एकेक भूशास्त्रीय पुरावा धावाधाव करून जमवावा लागतो. पैसेवाला सल्लागार नेमून नवं सर्वेक्षण करून घेऊ शकतो. नागरिकाच्या हाती जुनीच नोंद असते. तिला कुलूप घातलं तर नुकसान कोणाचं होणार, ते मी पुणेकरांना सांगायला नको.

जर्मनीचं कौतुक करायला मला फारसं आवडत नाही. इथे एका अर्जासाठी तीन खिडक्या आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या वारी उघडतात. पण खेड्यातल्या छोट्या संग्रहालयाच्या पत्रिकेचीसुद्धा सूचीत नोंद असते, आणि ती करणारा माणूस निवृत्त झाला की त्या खुर्चीवर दुसरा येतो. आपल्याकडे ग्रंथपालाची जागा रिकामी झाली की ती भरेपर्यंत कारकुनाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ जातो, आणि पुढची कैक वर्षं तो तिथेच राहतो, असं मित्र सांगतात. योजनेवर बोलणाऱ्या दोन्ही बाजूंनी या एका खुर्चीबद्दल बोलावं, एवढंच माझं म्हणणं.

ग्रुपवर शेवटी अपेक्षित प्रश्न आलाच: “करायचं कोणी?” कोणीच उत्तर देईना, तेव्हा मी एक कोरी तक्ता-फाइल उघडून तिची लिंक टाकली. आपल्या बॅचपासून सुरू करू म्हटलं. माझी ओळ भरून ठेवली आहे: शिवगंगा खोरं, खेड शिवापूर परिसर, टोपोशीट ४७ एफ/१५, विहिरी आणि पाणीपातळी, नकाशे दोन. ‘प्रत कुठे’ हा रकाना रिकामा आहे, कारण विभागाने मध्यंतरी खोली बदलली. पुण्यात असलेल्यांपैकी कोणीतरी जाऊन तेवढं बघून या, आणि जाताय तर शेजारच्या कपाटातल्या पाठपट्ट्यांचे फोटो काढून आणा.