विमानाची शेड गेली, प्रेसचं काय?

टाटा-एअरबसचा सी-295 या लष्करी मालवाहू विमानांचा प्रकल्प 2022 मध्ये नागपूरच्या मिहानऐवजी वडोदऱ्याला गेल्यावर महाराष्ट्रात गहजब झाला. राग रास्तच आहे. पण इथे मॅसॅच्युसेट्समधून पाहताना वाटतं, आपण जोडणीच्या शेडसाठी भांडतोय आणि विमानाचा भार पेलणारे भाग कुठे घडतात हे कोणी विचारतच नाही.

इथल्या वूस्टर शहरात 1883 मध्ये सुरू झालेली वायमन-गॉर्डन ही धातू घडवणारी कंपनी दुसऱ्या महायुद्धात विमान-इंजिनांचे क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची हालचाल फिरण्यात बदलणारे दांडे, करायची. जेट इंजिनांना क्रँकशाफ्ट लागत नाही, तरी ती युद्धानंतर वाढली. जर्मनांचे अवाढव्य प्रेस, म्हणजे धातू साच्यात दाबून घडवणारी यंत्रं, पाहून अमेरिकी वायुदलाने 1950 च्या दशकात सरकारी पैशाने दहा मोठे प्रेस उभारले. त्यातला 50,000 अमेरिकी टनांचा एक शेजारच्या ग्राफ्टनमध्ये 1955 मध्ये सुरू झाला. तेव्हा मालकी सरकारची, चालवणार कंपनी.

एवढी ताकद लागते, कारण हॅमरचा घाव मुख्यतः वरचा थर हलवतो, तर प्रेसचा सावकाश दाब गाभ्यापर्यंत पोचतो. दर चौरस सेंटीमीटरला 3 टन लागले, तर या प्रेसचे सुमारे 45,000 मेट्रिक टन जेमतेम दीड चौरस मीटरला पुरतात.

खरी कसोटी टायटॅनियमची. नेहमीच्या 6-4 मिश्रधातूची (6 टक्के अ‍ॅल्युमिनियम, 4 टक्के व्हॅनेडियम) अंतर्गत रचना साधारण 995 अंश सेल्सिअसला बदलते, म्हणून बिलेट, म्हणजे घडवायचा ठोकळा, त्याच्या 30 ते 50 अंश खालीच तापवतात. वर गेलं तर धातूचे सूक्ष्म कण जाड होतात आणि भाग थकव्याने, म्हणजे वारंवारच्या भाराने, लवकर तडकतो. डाय, म्हणजे साचा, थंड असेल तर पृष्ठभाग गारठून चिरतो, म्हणून डायही तापवावी लागते. बिलेटवर काचेचा लेप नीट नसेल, तर ऑक्सिजन शोषून ठिसूळ कवच बनतं. ते आम्लात काढावं लागतं. धातू कोपऱ्यात दुमडला तर ती घडी आतच राहते. म्हणून पहिला नग कापून कणांचा प्रवाह तपासतात. मंजुरीनंतर भट्टी, डाय किंवा टप्प्यांचा क्रम बदलला, तर मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. वर्षं जातात ती यातच.

पुण्याच्या भारत फोर्जने बोइंगला टायटॅनियमची फोर्जिंग्ज, म्हणजे असे दाबून घडवलेले भाग, दिली आहेत. म्हणजे हात आहेत. मोठा प्रेस मात्र एकट्या कारखान्याच्या ताळेबंदात बसत नाही. आपल्या नेत्यांनी दिल्लीकडे शेडऐवजी सरकारी मालकीचा सामाईक प्रेस मागावा, आणि त्यासोबत देशात बनणाऱ्या विमानांच्या फोर्जिंगची दहा वर्षांची खरेदी-हमी.