आययूआयविषयी फिरणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

गौरी-गणपतीला चाकरमानी गावी आले की मूल नसलेल्या जोडप्याला वाडीतल्या प्रत्येक ओटीवर तोच एक प्रश्न विचारला जातो, आणि अलीकडे त्या प्रश्नाबरोबर एक संदेशही त्यांच्या मोबाईलवर पाठवला जातो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उपचार केंद्राच्या प्रयोगशाळेत वीर्य तपासण्याचे आणि धुण्याचे काम मी करते, त्यामुळे तो संदेश मला अनेक जोडप्यांनी काढून दाखवला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आययूआय (धुतलेले वीर्य नळीने गर्भाशयात सोडण्याचा उपचार) म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच; बीज वाढवण्याच्या गोळ्यांनी बाईची बीजे संपतात आणि पुढे कर्करोग होतो; इंजेक्शने घेतली की जुळी-तिळी ठरलेलीच; नवरा धडधाकट असेल तर त्याची तपासणी हा नुसता खर्च; चांगल्या डॉक्टरकडे पहिल्याच वेळी दिवस राहतात, न राहिले तर फसवणूक समजावी; नंतर पंधरा दिवस पाठ टेकून पडावे, रिक्षात बसू नये; आणि पोट फुगले, मळमळले तर ती औषधाची उष्णता, कोकम सरबत घ्यावे. संदेशाखाली नाव कोणाचेच नाही. यातले शेवटचे वाक्य सर्वांत धोक्याचे आहे, म्हणून त्याकडे मी शेवटी येते.

टेस्ट ट्यूब बेबीमध्ये स्त्रीबीज सुईने शरीराबाहेर काढतात, प्रयोगशाळेत त्याचे फलन घडवतात आणि तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडतात. आययूआयमध्ये स्त्रीबीज बाहेर येतच नाही. धुतलेले शुक्राणू एका बारीक, मऊ नळीने गर्भाशयात सोडले जातात आणि पुढचे सगळे नेहमीसारखे गर्भनलिकेतच घडते. २०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखालील नियमांनीही केवळ आययूआय करणारी केंद्रे पहिल्या स्तरात आणि टेस्ट ट्यूब करणारी दुसऱ्या स्तरात अशी वेगळी ठेवली आहेत. फलन नलिकेत होणार असल्यामुळे निदान एक नलिका मोकळी असावीच लागते. रंगद्रव्य सोडून काढलेला एक्स-रे किंवा तत्सम तपासणी न करता आययूआय सुरू करणे म्हणजे साकव उभा आहे की वाहून गेला हे न पाहता भर पावसात पऱ्याकडे निघण्यासारखे आहे.

बीजे संपण्याची भीती मला समजते, पण ती शरीराच्या हिशेबाला धरून नाही. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत साधारण दहा ते वीस लाख बीजे असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि सगळ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. दर पाळीला अनेक बीजे एकदम वाढीला लागतात, त्यातले एक पुढे जाते आणि बाकीची तिथल्या तिथे विरून जातात. गोळ्या-इंजेक्शने या विरून जाणाऱ्यांपैकी एखाद-दुसरे वाचवून वाढवतात; पुढच्या महिन्यांच्या साठ्याला हात लावत नाहीत.

कर्करोगाचा मुद्दा कुठून आला, हे मात्र सांगायला हवे. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान सुरू करून पाच दिवस घ्यायच्या गोळ्या प्रामुख्याने दोन, क्लोमिफेन आणि लेट्रोझोल. यातली लेट्रोझोल मुळात स्तनाच्या कर्करोगावर दिली जाणारी गोळी आहे, आणि पाकिटातला कागद वाचून घाबरलेली सून व तिच्याहून अधिक घाबरलेली सासू मी अनेकदा पाहिली आहे. भर म्हणून २००५मध्ये मॉन्ट्रियल येथील परिषदेत, या गोळीनंतर जन्मलेल्या सुमारे १५० बाळांच्या आधारे, जन्मजात व्यंगांची शंका मांडली गेली. पुढच्याच वर्षी कॅनडातील पाच केंद्रांमधल्या ९११ बाळांच्या अभ्यासात लेट्रोझोलनंतर व्यंगांचे प्रमाण क्लोमिफेनपेक्षा वाढलेले दिसले नाही. तरीही २०११मध्ये भारत सरकारने वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर बंदी घातली आणि ती २०१७मध्ये उठवली. बंदीच्या बातमीचे कात्रण अजून फिरते. ती उठल्याची बातमी वाडीपर्यंत पोहोचलीच नाही. दरम्यान २०१४मध्ये अमेरिकेत पीसीओएस (बीज नियमित बाहेर न पडण्याचा संप्रेरकांचा विकार) असलेल्या ७५० स्त्रियांवरील चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के, तर क्लोमिफेन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के जणींना मूल झाले. बीजकोशाच्या कर्करोगाबाबत म्हणाल तर, वंध्यत्वाची तक्रार असलेल्या ५४,३६२ स्त्रियांच्या माहितीवर आधारलेल्या आणि २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासाला या औषधांमुळे तो वाढतो असा पटण्याजोगा पुरावा मिळाला नाही.

जुळ्यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, फक्त ‘ठरलेलीच’ हा शब्द खोटा आहे. कारण न सापडलेल्या वंध्यत्वासाठी आययूआय करणाऱ्या ९०० जोडप्यांची एक मोठी अमेरिकी चाचणी २०१५मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात इंजेक्शनांनी दिवस राहिलेल्या १०७ स्त्रियांपैकी ३४ जणींच्या पोटात एकाहून अधिक गर्भ होते, क्लोमिफेनच्या ८५पैकी ८ आणि लेट्रोझोलच्या ६७पैकी ९ जणींच्या. म्हणजे धोका इंजेक्शनांत मोठा आणि गोळ्यांत बराच कमी. तो आवरण्यासाठीच पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी करून फॉलिकल, म्हणजे बीज जिच्यात वाढते ती पाण्याची बारीक पिशवी, मोजतात. एक किंवा दोन फॉलिकल १८ ते २० मिलिमीटरचे झाले की बीज फोडण्याचे, म्हणजे ते पिशवीतून बाहेर पाडण्याचे, इंजेक्शन देतात. चार-पाच एकदम वाढली तर तो महिना सोडून देण्याचा सल्ला मिळतो. अशा वेळी डॉक्टर पैसे घेऊनही काम करत नाहीत म्हणून रागावणे साहजिक आहे, पण तो महिना सोडणारा डॉक्टरच आपले काम नीट करत असतो.

आता नवऱ्याचा मुद्दा, जो माझ्या टेबलावरचा आहे. होडी वल्हवणारा, आंब्याच्या पेट्या उचलणारा गडी दिसायला कसाही दणकट असो, त्याच्या शुक्राणूंची संख्या त्याच्या दंडावरून कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेप्रमाणे एका मिलिलीटरमध्ये १ कोटी ६० लाख आणि एका नमुन्यात एकूण ३ कोटी ९० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा मानतात. हे आकडे वर्षभरात बाप झालेल्या पुरुषांच्या नमुन्यांवरून काढलेले आहेत. एकाच अहवालावरून निष्कर्ष काढणेही बरोबर नाही, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. आषाढात भातलावणीच्या दिवसांत सणसणीत ताप येऊन गेलेल्या माणसाचा अहवाल भाद्रपदात वाईट येऊ शकतो आणि तोच दिवाळीनंतर सुधारलेला दिसतो.

नमुना घरून आणायचा असेल तर तो तासाभरात आमच्याकडे यावा लागतो. लांजा किंवा राजापूरकडचा माणूस मोटारसायकलने डबी शर्टाच्या आत, पोटाशी धरून आणतो, आणि अंगाच्या उबेत आणायची ही पद्धत अगदी योग्य आहे. मी ती डबी ३७ अंशांच्या पेटीत ठेवते, वीर्य पातळ झाले की सूक्ष्मदर्शकाखाली मोजते, मग एका विशेष द्रावावर ते हलकेच सोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवते. मृत पेशी, कचरा आणि वीर्याचा द्राव वर राहतो. चांगले पोहणारे शुक्राणू तळाशी एका धुरकट ठिपक्याएवढे उरतात. तो ठिपका धुऊन सुमारे अर्ध्या मिलिलीटर द्रावात घेतला की वॉश तयार. त्यात हलणारे शुक्राणू ५० लाखांच्या वर असतील तर आशा बऱ्यापैकी असते, १० लाखांच्या खाली असतील तर आययूआयवर पैसे घालण्यापूर्वी डॉक्टरांशी पुन्हा बोलावे. हे पहिल्या तपासणीतच कळले असते तर बाईला पाच महिने गोळ्या खाव्या लागल्या नसत्या, असे म्हणायची वेळ माझ्यावर येते, आणि ती प्रत्येक वेळी मनाला लागते. वॉशमधून मुलग्याचे शुक्राणू वेगळे काढून द्या, अशी विनंती दबक्या आवाजात होते. या वॉशने ते वेगळे होतही नाहीत, आणि तसा प्रयत्न करणे १९९४च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

इथल्या जोडप्यांची खरी अडचण संदेशात कुठेच नाही. बायको गावी, नवरा मुंबईला किंवा बोटीवर, आणि फॉलिकल १८ मिलिमीटरचे होते बुधवारी. बीज फोडण्याच्या इंजेक्शननंतर साधारण २४ ते ४० तासांत आययूआय करावे लागते, कारण बाहेर पडलेले स्त्रीबीज एक दिवसच टिकते. गाडीचे तिकीट मिळेलच असे नाही. म्हणून उपचार सुरू करण्यापूर्वी सुट्टीचा हिशेब मांडावा आणि नवरा बोटीवर जाणार असेल तर त्याचा नमुना आधी गोठवून ठेवता येतो का, हे विचारावे.

पहिल्याच वेळी यश, हे आश्वासन कोणी देत असेल तर त्याच्यापासून दूर राहावे. योग्य निवडलेल्या जोडप्यांतही एका चक्रात दिवस राहण्याची शक्यता साधारणपणे दहा-पंधरा टक्के असते. म्हणजे सातआठ जोडप्यांपैकी एकाला आनंदाची बातमी आणि बाकीच्यांना पाळी. पण यावरून उपचार निरुपयोगी आहे असेही ठरत नाही. न्यूझीलंडमध्ये २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कारण न सापडलेल्या २०१ जोडप्यांपैकी बीज वाढवण्याच्या गोळ्यांसह आययूआयची तीन चक्रे ज्यांना दिली त्यांतल्या ३१ टक्क्यांना मूल झाले, तितकाच काळ नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी ९ टक्क्यांना. उपचार तोलायचा तो तीन-चार चक्रांच्या मापाने. तेवढ्यात यश आले नाही, किंवा बाईचे वय पस्तिशीपुढे गेले असेल, तर पुढचा मार्ग डॉक्टरांशी मोकळेपणाने ठरवावा; वर्षानुवर्षे तेच चक्र फिरवत राहू नये.

पडून राहण्याचा सल्ला मायेपोटी दिला जातो, पण गर्भाशय म्हणजे पालथी झाली की सांडणारी कळशी नव्हे. त्याच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि सोडलेले शुक्राणू काही मिनिटांत नलिकांकडे निघतात. उठल्यावर थोडे पाणी बाहेर येते, ते बहुतेक नुसता द्राव आणि गर्भाशयमुखाचा चिकट स्राव असतो. २००९च्या एका चाचणीत पंधरा मिनिटे पडून राहण्याचा फायदा दिसला होता, नंतरच्या एका चाचणीत तोही दिसला नाही. म्हणजे वाद आहे तो पंधरा मिनिटांचा, पंधरा दिवसांचा नाही. रिक्षाने, एसटीने, खड्ड्यांतून घरी जावे आणि दुसऱ्या दिवशी चूल, शाळा, बाजार सांभाळावा.

पोट फुगण्याला उष्णता समजण्याचा सल्ला मात्र जिवावर बेतू शकतो. विशेषतः इंजेक्शनांनंतर, आणि पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये अधिक, बीजकोश सुजून पोटात पाणी साठण्याचा एक विकार होतो. बहुतेकदा तो सौम्य असतो, क्वचित गंभीर होतो. पोट ताणून दुखणे, सारख्या उलट्या, लघवी कमी होणे, दोन दिवसांत वजन भराभर वाढणे, श्वासाला त्रास किंवा पोटरीत दुखून सूज, यांपैकी काहीही दिसले तर सरबत करत बसू नये. खाडीपलीकडच्या गावातून रात्रीची होडी बंद झालेली असते आणि पावसात रस्ता लांबचा पडतो, म्हणून शेवटच्या फेरीची वाट न पाहता दिवसाउजेडी निघावे. जवळच्या रुग्णालयात उपचारांची फाईल सोबत न्यावी आणि तिथल्या डॉक्टरांना, त्यांनी विचारले नाही तरी, बीज वाढवण्याची इंजेक्शने घेतली आहेत हे व शेवटच्या इंजेक्शनाची तारीख आधी सांगावी.