दोन टक्के कर आणि सात वर्षांची लढाई

जोसेफ कायो या फ्रेंच राजकारण्याचं नाव काढलं की फ्रान्सच्या इतिहासाची आवड असलेली मंडळी आधी त्याच्या बायकोबद्दल बोलायला लागतात. १६ मार्च १९१४ला आंरिएट कायो 'ल फिगारो' या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली, संपादक गास्तों काल्मेत येईपर्यंत थांबून राहिली आणि समोर आल्यावर तिने त्याच्यावर पिस्तूल झाडलं. काल्मेत त्याच रात्री गेला. गोष्ट थरारक आहे, मान्य. पण या एका दिवसाखाली कायोचं सगळं काम गाडलं गेलंय, आणि करांच्या हिशोबात दिवस घालवणाऱ्या माझ्यासारखीला ते फार खुपतं. कारण फ्रान्समध्ये आयकर आणण्याचं मोठं श्रेय या माणसाचं आहे.

कायो काही गरिबाघरचा नव्हता. वडील मंत्री होते, वित्तमंत्रीसुद्धा. तो स्वतः सरकारी वित्त निरीक्षक. देशभरातल्या खजिन्यांची दप्तरं तपासणं हे त्याचं काम, त्यामुळे फ्रान्सची करव्यवस्था त्याने आतून पाहिली होती. १८९८ला सार्त जिल्ह्यातल्या मामेर्समधून तो निवडून आला आणि पुढच्याच वर्षी वाल्देक-रूसोच्या सरकारात वित्तमंत्री झाला. वय अवघं ३६.

त्याच्यासमोर जी व्यवस्था होती ती क्रांतीच्या काळातली. चार जुने प्रत्यक्ष कर: जमिनीवर, राहत्या घराच्या भाड्यावर, धंद्याच्या परवान्यावर आणि चौथा दारं-खिडक्यांवर! १७९८ सालचा हा चौथा कर मला सगळ्यात बोलका वाटतो. वसुली करणाऱ्याने रस्त्यावर उभं राहायचं, घराची दारं-खिडक्या मोजायच्या आणि आकडा लिहायचा. आत पाऊल टाकायचं कारण नाही, तुम्ही काय कमावता हे विचारायचं कारण नाही. लोकांनी त्यावर उपाय काढला, खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. गरिबाच्या घराला मुळातच एखाददुसरी खिडकी. म्हणजे कर वाचवायचा तर उजेड आणि हवा सोडायची.

अशी व्यवस्था शंभर वर्षांहून जास्त टिकली कशी? नुसता श्रीमंतांचा स्वार्थ म्हणून सोडून देता येणार नाही. राजेशाहीत कर आकारणारा माणूस मनाला येईल तसा आकडा लावायचा. त्या जाचाची आठवण फ्रान्समध्ये खोल होती. म्हणून क्रांतीनंतर ठरलं की बाहेरून दिसेल त्यावरच कर, सरकारने माणसाच्या खिशात डोकवायचं नाही. आयकराला विरोध करणारे याच भावनेला हात घालत. हा कर म्हणजे नागरिकांची सरकारी झडती आहे, असा त्यांचा ओरडा असे. भांडण दरापेक्षा उत्पन्न जाहीर करण्यावर जास्त होतं. आजही कुठल्याही देशात करसुधारणा अडते ती बहुतेक वेळा इथेच, असं माझं ठाम मत आहे.

७ फेब्रुवारी १९०७ला, क्लेमांसोच्या सरकारात वित्तमंत्री असताना, कायोने आपलं विधेयक मांडलं. प्रत्येक प्रकारच्या उत्पन्नावर वेगळा कर आणि मोठ्या उत्पन्नावर वरून चढता कर. सरकारी रोख्यांचं व्याजही त्यातून सुटणार नव्हतं, आणि मध्यमवर्गाची सगळी पुंजी तर त्या रोख्यांत! मार्च १९०९मध्ये कनिष्ठ सभागृहाने ते मंजूर केलं. सिनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, मात्र ते पाच वर्षं दाबून ठेवलं.

आपल्याकडे आयकर १८६०लाच आला होता. १८५७च्या उठावानंतर खजिना रिकामा झाला, ब्रिटिश सरकारचा इथला वित्तप्रमुख जेम्स विल्सन याने कर लावला, काही महिन्यांत वसुली सुरूही झाली. इथे कोणाचं मत विचारायचंच नव्हतं. कायोला मतं मिळवायची होती, म्हणून त्याची लढाई मला जास्त मोलाची वाटते.

त्याची नियत शुद्ध होती का? १९०१ साली आपल्या प्रेयसीला लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केलं होतं की आयकराची बाजू घेतोय असं दाखवून मी तो चिरडून टाकला. हेच पत्र काल्मेतने १३ मार्च १९१४ला छापलं. वाक्य वाईटच आहे, त्यावर पांघरूण घालायची माझी इच्छा नाही. पण १९०१चा कायो हा एका नेमस्त सरकारातला तरुण मंत्री होता. १९०७ नंतर त्याने या करासाठी जे अंगावर घेतलं ते निव्वळ नाटक करणारा माणूस घेत नाही. डिसेंबर १९१३मध्ये बार्तू सरकारला नव्या कर्जरोख्यांवर करमाफी द्यायची होती. कायोने त्यावर असा हल्ला चढवला की सरकार पडलं, आणि पुढच्या सरकारात तो पुन्हा वित्तमंत्री झाला. 'ल फिगारो'ने कायोविरुद्ध चालवलेली मोहीम, जिच्यात ते पत्र छापलं गेलं, त्यानंतरची आहे.

गोळीबारानंतर त्याने राजीनामा दिला. आणि सिनेट शेवटी नमलं ते त्याच्या गैरहजेरीत. सक्तीची लष्करी सेवा तीन वर्षांची केल्यामुळे खर्च वाढला होता, पैसा कुठून तरी आणायचाच होता. १५ जुलै १९१४ला कायदा झाला. सर्वोच्च दर होता २ टक्के. एवढ्यासाठी सात वर्षं! त्या महिन्यात पॅरिसच्या वर्तमानपत्रांत आंरिएटचा खटलाच गाजत होता. २८ जुलैला ती निर्दोष सुटली आणि त्याच दिवशी ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं. कराची वसुली सुरू झाली १९१६मध्ये, आणि १९२०पर्यंत सर्वोच्च दर ५० टक्क्यांवर गेला.

युद्धात तडजोडीची भाषा केली म्हणून १९१८मध्ये कायोला अटक झाली. १९२०मध्ये त्याला शिक्षा सुनावली ती न्यायालय म्हणून बसलेल्या सिनेटनेच. पुढे माफी मिळाली आणि १९२५मध्ये तो परत वित्तमंत्री झाला.

त्याच्या शेवटच्या पर्वाबद्दल मात्र मला राग आहे. म्हातारपणी तो त्याच सिनेटच्या वित्त समितीचा अध्यक्ष झाला. जून १९३७मध्ये पंतप्रधान लेओं ब्लुमने भांडवल देशाबाहेर पळतंय म्हणून विशेष अधिकार मागितले, तेव्हा ते नाकारण्यात कायो सगळ्यात पुढे होता. ब्लुमला राजीनामा द्यावा लागला. अंदाजपत्रकाची शिस्त हवी, हे कायोचं म्हणणं मला समजतं. पण १९०९मध्ये लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा निर्णय सिनेटने कसा कुजवला हे ज्याने स्वतः भोगलं होतं, त्याने तेच हत्यार ब्लुमवर चालवायला नको होतं.