लेबल कशाला, वास घ्या की!

कारखानदार, मॅनेजर आणि तमाम सेफ्टी ऑफिसर मंडळींसाठी काही अनुभवसिद्ध सूचना.

रसायनाच्या ड्रमवर लेबल येतं, त्याला इलाज नाही. पण माल लगेच छोट्या बाटल्यांत ओतून घ्या. पाण्याच्या बाटल्या उत्तम. शीतपेयाची मिळाली तर सोन्याहून पिवळं. तिच्यावर स्केचपेनने फक्त ‘केमिकल’ लिहा, पहिल्या शिंतोड्यात पुसलं जाईल असं.

लेबलवरच्या धोक्याच्या चित्रांचे अर्थ सांगू नका. संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली जगभरासाठी एकसारखी चित्रं आणली, म्हणून आपण ती शिकायची का? छातीत चांदणी फुटलेला माणूस म्हणजे कॅन्सरसारख्या दीर्घकालीन आजारांचा इशारा. कामगारांना ते उत्कृष्ट कामाचं पदक वाटू दे.

प्रशिक्षण जेवणानंतर, अंधाऱ्या खोलीत. सही झाली की ज्ञान झालं.

आता एसडीएस, म्हणजे सेफ्टी डेटा शीट, रसायनाचे धोके आणि उपाय सांगणारी माहितीपत्रिका. हिचे १६ भाग असतात, त्यामुळे ती मौल्यवान आहे. कपाटात ठेवा, किल्ली साहेबांकडे. गेल्या आठवड्यात आमच्याकडे एका पोराच्या मनगटावर गंज काढायचं द्रावण उडालं. हायड्रोफ्लोरिक ॲसिड होतं त्यात. पातळ असलं की ते लगेच दुखत नाही, तासांनी दुखतं; तोवर फ्लोराइड आत उतरून शरीरातलं कॅल्शियम पकडत असतं. पोरगा म्हणे, ‘काही नाही झालं.’ सुपरवायझरही तेच म्हणाला. साहेब मीटिंगमध्ये, किल्ली साहेबांच्या खिशात. शेवटी कपाट उघडलं, तर फाइलमध्ये पहिले तीनच भाग! प्रथमोपचार चौथ्या भागात असतो हो! कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लावायचं, हे तिथे लिहिलेलं असतं, आणि ते जेल प्रथमोपचार पेटीत आधीपासून असावं लागतं. आमच्या पेटीत काय, तर चिकटपट्टी आणि डोकेदुखीच्या गोळ्या. मनगट नळाखाली धरून, ड्रमच्या लेबलचा फोटो काढून त्याला दवाखान्यात नेलं एका हेल्परने. त्या हेल्परला प्रशिक्षणाला बोलावलंच नव्हतं. का, तर तो कंत्राटी!

पुरे झाल्या सूचना. अहो, लाज वाटू द्या जरा. ऑडिट आलं की एका रात्रीत सगळ्या कॅनना लेबलं लावता ना? मग एरवी काय हात मोडतात? एसडीएस जिथे ॲसिड आहे तिथे ठेवा, सगळी पानं, कुलपाशिवाय. शिकवा ते कामगाराला कळतं त्या भाषेत, आणि अंगावर उडालं तर काय करशील ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या. कंत्राटी माणसालाही. ॲसिड काही गेटपासचा रंग बघून भाजत नाही.